बायो पण असू दे!

दहावीचा निकाल लागला की पुढचे काही दिवस तुमचा मोबाइल भलत्याच वेळी वाजतो. ऐन मीटिंगमध्ये. स्क्रीनवर बॉस नाही, क्लायंट नाही... मावशी! ‘अरे, हिला सायन्स घ्यायचंय. तू एवढ्या मोठ्या कंपनीत आहेस, तूच सांग ना काय ते.’

मंडळी, अर्ज न करता मिळणारं हे एकमेव प्रमोशन. कालपर्यंत घरातले तुम्हाला ‘जेवलास का’ एवढंच विचारत होते. आज तुम्ही फॅमिलीचे ऑफिशियल करिअर काउन्सिलर! पलीकडे पंधरा-सोळा वर्षांची मावसबहीण कान देऊन ऐकतेय आणि प्रश्न ठरलेला आहे. पीसीएम, पीसीबी की पीसीएमबी?

आपलं उत्तरही ठरलेलं असतं. ‘मॅथ्स घे. आणि बायो पण असू दे. दोन्ही दारं उघडी राहतात.’ जाम सेफ वाटतं हे. मावशी खूश, तुम्ही परत मीटिंगमध्ये. पण बॉस, दार उघडं ठेवायचं भाडं असतं आणि ते भाडं दोन वर्षं त्या पोरीनं भरायचं असतं. तेव्हा ‘असू दे’ म्हणायच्या आधी जरा हिशेब करू या.

आधी स्वतःचा सल्ला अपडेट करा

तुम्ही २०१४ किंवा २०१५ मध्ये बारावी झाला असाल तर आठवून बघा. त्या दोन वर्षी राज्यात इंजिनीअरिंगचं मेरिट जेईई मेन आणि बारावीचे मार्क अर्धे-अर्धे धरून लागत होतं. २०१६ पासून पुन्हा सीईटी आली. २०२१ च्या बॅचची तर बोर्डाची परीक्षाच रद्द झाली आणि दहावी, अकरावी, बारावीचं ३०:३०:४० असं गणित मांडून निकाल लागला. थोडक्यात काय, प्रत्येक बॅचचा फंडा वेगळा. ‘आमच्या वेळी’ने सुरू होणारं वाक्य इथे एक्सपायरी डेटसकट येतं.

आज चित्र असं आहे. सीईटीत पीसीएम आणि पीसीबी असे दोन ग्रुप. दोन्ही २०० मार्कांचे, तीन तासांचे, निगेटिव्ह मार्किंग नाही. साधारण २० टक्के प्रश्न अकरावीवर, ८० टक्के बारावीवर. मेडिकलसाठी मात्र नीट. १८० प्रश्न, ७२० मार्क, चुकलं की एक मार्क वजा. नीट आणि जेईईला अकरावीचा अभ्यासक्रमही पूर्ण लागतो. म्हणजे ‘अकरावी हे रेस्ट इयर’ हा आपल्या कट्ट्यावरचा लाडका सिद्धांत पहिल्याच दिवशी बाद!

अकरावीची ऑनलाइन अॅडमिशनसुद्धा २०२५ पासून सगळ्या राज्यात एकाच पद्धतीने होते. त्यामुळे साताऱ्याच्या चुलतभावाला ‘जाऊन फॉर्म आण रे’ सांगितलंत, तर तो हसेल तुम्हाला.

चार विषय नव्हे, पाच परीक्षा

पीसीएमबी म्हणजे एक विषय जास्त, असं आपल्याला वाटतं. खरं तर एक आख्खी परीक्षा जास्त. २०२५ चं कॅलेंडर बघा. जानेवारीत जेईई मेनचं पहिलं सेशन. ११ फेब्रुवारीला बारावीची लेखी परीक्षा सुरू, प्रॅक्टिकल्स त्याच्याही आधी. एप्रिलमध्ये जेईईचं दुसरं सेशन. एप्रिलमध्येच सीईटीचे दोन्ही ग्रुप. आणि ४ मे रोजी नीट. दोन्ही दारं खरोखर उघडी ठेवणारीला हे सगळं द्यावं लागतं. सीईटीचे दोन्ही ग्रुप दिले तर फिजिक्स आणि केमिस्ट्रीचा पेपरसुद्धा दोनदा!

आता त्यातली खरी मेख. पीसीएमच्या सीईटीत मॅथ्सला २०० पैकी १०० मार्क. नीटमध्ये बायोला ७२० पैकी ३६०. म्हणजे इकडची अर्धी परीक्षा मॅथ्स, तिकडची अर्धी परीक्षा बायो. ‘असू दे’ म्हणून सोबत ठेवलेला बायो नीट काढून देत नाही. जिची मुलं फक्त बायो-फिजिक्स-केमिस्ट्रीला बसलीत, तिच्याच रांगेत उभं राहायचंय. बायो घेतला तर पूर्ण घ्यावा लागतो, मॅथ्सचंही तेच.

आठवड्याचा टाइमशीट

आपण टाइमशीट भरणारी माणसं. तर तिचाही भरू. आठवड्याचे तास १६८. रोज सात तास झोप धरली तर ४९ गेले, उरले ११९. कॉलेज, क्लास आणि लोकल-बसचा प्रवास मिळून रोज दहा तास, सहा दिवस. म्हणजे ६०. उरले ५९. अंघोळ, जेवण, घरातली कामं आणि थोडं नुसतं बसणं, रोज तीन तास. २१ गेले, उरले ३८. रविवारची टेस्ट आणि ती तपासून चुका बघणं, पाच तास. इंग्रजी आणि दुसरी भाषा, तीन तास. शिल्लक ३०.

तीन मोठे विषय असतील तर प्रत्येकाला दहा तास. चार असतील तर साडेसात. यात जर्नल लिहिणं धरलेलं नाही, आजारपण नाही, मोबाइल तर नाहीच नाही. चौथ्या विषयालाही दहा तास द्यायचे म्हटलं तर आठवड्याला दहा तास कमी पडतात. ते येणार कुठून? झोपेतून. रोज जवळजवळ दीड तास. सात तासांची झोप साडेपाचवर. एखादं रिलीज असलं की आपण आठवडाभर असं काढतो आणि मग लीव्ह टाकतो. तिला दोन वर्षं लीव्ह नाही.

कॉलेज घराजवळ असेल, क्लास कॉलेजातच असेल, तर आकडे बदलतील. बदलू द्या. पण तिचे आकडे तिच्याकडून कागदावर मांडून घ्या. ‘झेपेल का’ या प्रश्नावर सोळाव्या वर्षी सगळे ‘हो’च म्हणतात. कागद मात्र खोटं बोलत नाही.

स्टेपनी त्याच गाडीची हवी

मग काय, पर्यायच ठेवायचा नाही? ठेवायचा ना! पण स्टेपनी त्याच गाडीला बसणारी हवी. मारुतीच्या डिकीत ट्रकचं चाक ठेवून काय उपयोग?

पीसीएमवाली जेईईचा अभ्यास करतेय, तर तिची स्टेपनी सीईटी. विषय तेच, फक्त स्पीड वेगळा. त्याच तीन विषयांवर एनडीएतून एअर फोर्स किंवा नेव्हीचं दार आहे. पीसीबीवाली नीट देतेय, तर त्याच तयारीत पीसीबीची सीईटी होते आणि बी. फार्म. उघडं राहतं. बी. फार्म.ला फिजिक्स-केमिस्ट्रीसोबत मॅथ्स किंवा बायो, काहीही चालतं. बी.एस्सी., कृषी हेही आहेच. नवा विषय न घेता दुसरं दार! लॉ, डिझाइन, सीए ही मनात असेल तर तिथे सायन्सचीच अट नाही, हेही एकदा मोठ्यांदा सांगून टाका. कधीकधी घरात ते कुणी बोललेलंच नसतं.

आणि बायो सोडला म्हणजे मेडिकल जन्माचं गेलं, असंही नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने सांगितलं की बारावी झाल्यावर मान्यताप्राप्त बोर्डातून बायो जादा विषय म्हणून दिला तरी नीटला बसता येतं. वर्ष जाईल, मेहनत पडेल, पण दाराला कुलूप नाही.

राहता राहिले ‘स्कोअरिंग’ विषय. बायोऐवजी जिऑग्राफी, भाषेऐवजी आयटी, किंवा बायफोकलचं इलेक्ट्रॉनिक्स-कॉम्प्युटर सायन्स. २०० मार्कांचं बायफोकल घेतलं की साधारणपणे दुसरी भाषा आणि बायो दोन्ही सुटतात. हे विषय घेणं म्हणजे पळवाट, असं काही काकांना वाटतं. वाटू दे! प्रवेश परीक्षेच्या कोर्सेसना बोर्डाच्या मार्कांचं काम मुख्यतः पात्रतेपुरतं. राज्यात इंजिनीअरिंगला खुल्या गटासाठी पीसीएममध्ये ४५ टक्के, नीटला पीसीबीमध्ये ५० टक्के. एनआयटी-आयआयटीला मात्र बारावीत ७५ टक्के किंवा बोर्डातल्या टॉप २० पर्सेंटाइलमध्ये नाव लागतं, ते विसरू नका. म्हणजे सोपा विषय इथे मार्कांपेक्षा मोठी गोष्ट विकत घेऊन देतो. वेळ! फक्त कॉलेज निवडतानाच तो विषय तिथे आहे का ते बघायला सांगा, कारण बायफोकल सगळीकडे नसतं.

मग पीसीएमबी घ्यायचंच कुणी?

जिला दोन्ही खरोखर आवडतात तिने. बिनधास्त! आयसरची प्रवेश परीक्षा बघा. ६० प्रश्न, तीन तास, आणि फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो प्रत्येकी १५. पुण्यातल्या पाषाणच्या आयसरमध्ये जायची स्वप्नं बघणाऱ्या मुलीला चारही विषय म्हणजे ओझं नाही, तिचा मेन रोडच तो. बायोटेक, बायोइन्फॉर्मॅटिक्स, रिसर्च असं काही डोक्यात असेल तरी तेच. पण मग तिने नीट आणि जेईई दोन्हीकडे जीव तोडून धावायचं नाही, हे आधी ठरवावं. विषय चार चालतील, मुख्य परीक्षा एकच.

फरक कळला? ‘मला हे करायचंय’ म्हणून घेतलेला चौथा विषय वेगळा आणि ‘नाहीच जमलं तर’ म्हणून घेतलेला वेगळा. पहिल्याने झोप उडते तेव्हा मजा येते. दुसऱ्याने नुसतीच उडते.

एक चॅलेंज, तीन रविवार

कठीण काहीच घेऊ नको, असंही सांगू नका हं. एक विषय असा हवाच, जो डोक्याला मुंग्या आणेल. तो कोणता, हे ओळखायची ट्रिक सोपी आणि फुकट. बालभारतीची अकरावीची पुस्तकं नेटवर पीडीएफमध्ये मिळतात. पहिल्या रविवारी मॅथ्सचा एक धडा, दुसऱ्या रविवारी बायोचा, तिसऱ्या रविवारी फिजिक्सचा दुसरा धडा, ‘मॅथेमॅटिकल मेथड्स’. व्हेक्टर आणि कॅल्क्युलस तिथूनच सुरू होतं. मॅथ्स नको म्हणून बायो घेणाऱ्यांनीही हा धडा आधी बघावा, नंतर धक्का नको! क्लास नाही, व्हिडिओ नाही. ती, पुस्तक आणि तीन तास. कळलं किती, हे महत्त्वाचं नाही. अडल्यावर पान उलटलं की पुन्हा मागे जाऊन वाचलं, ते बघायचं. जिथे ती स्वतःहून मागे गेली, तो तिचा कठीण विषय. बाकी दोन वर्षं त्याच्या भोवती रचायची.

आणि फॉर्मवर टिक करण्याआधी त्या वर्षीचं माहितीपत्रक तिनेच वाचू दे. तुम्ही नाही, मावशी नाही. नियम बदलतात, ते तिला स्वतःला माहीत असलेले बरे.

सल्ला दिलात म्हणजे काम संपलं, असं मात्र नाही. दिवाळीत भेटाल तेव्हा ‘किती मार्क पडले?’ विचारायला बाकीचे नातेवाईक फराळाच्या ताटासकट हजर असतातच. तुम्ही तेवढं तिला बाजूला घ्या आणि विचारा, ‘झोप किती होते गं?’ उत्तर सहाच्या खाली आलं, तर कुठल्या एका परीक्षेचा फॉर्म भरायचा नाही, ते तिच्यासोबत बसून ठरवा. आणि मग घरातल्या मोठ्यांना तुम्हीच सांगा. तिचं ऐकतीलच असं नाही. तुमचं ऐकतात, तुम्ही मोठ्या कंपनीत आहात ना!