साडेदहाचा साक्षीदार

‘सॅटेलाइटला गाडीचा नंबरसुद्धा दिसतो’, हे विधान बोदवडच्या चहाच्या टपरीवर ज्या खात्रीनं केलं जातं, त्याच खात्रीनं ते सिनेमातही दाखवलं जातं. दोन्हीकडे ते खोटं आहे. चारचाकीच्या पाटीवरचं अक्षर नियमाप्रमाणे ६५ मिलिमीटर उंच आणि त्याची रेघ १० मिलिमीटर जाड असते. आपला कार्टोसॅट-३ हा उपग्रह २७ नोव्हेंबर २०१९ रोजी सोडला गेला. तो सुमारे ५०९ किलोमीटर उंचीवरून फिरतो आणि त्याच्या कृष्णधवल चित्रातला एक ठिपका जमिनीवरच्या पाव मीटरहून किंचित मोठ्या चौकोनाचा असतो. अख्खी पाटी दोन ठिपक्यांत संपली, अक्षराची बातच सोडा. शिवाय पाटी असते उभी. डोक्यावरून बघणाऱ्याच्या वाट्याला तिची फक्त कड येते.

अमेरिकेकडे याहून तीक्ष्ण डोळे आहेत, हे खरं. ऑगस्ट २०१९ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी इराणच्या सेमनान तळाचं एक चित्र जाहीर करून टाकलं. त्यात सुमारे दहा सेंटिमीटरपर्यंतचा तपशील असावा, असा अंदाज जाणकारांनी बांधला. पण पुढे भिंत आहे. अमेरिकी हेर-उपग्रहांचा आरसा सुमारे २.४ मीटर व्यासाचा मानला जातो. एवढा आरसा अडीचशे किलोमीटरवरून सहा सेंटिमीटरपेक्षा बारीक भेद दाखवू शकत नाही. ही मर्यादा प्रकाशाचीच आहे, पैसे ओतून ती हटत नाही.

दुसरा समज असा, की उपग्रह चोवीस तास गावावर नजर रोखून असतो. जो एका जागी थांबल्यासारखा दिसतो, तो छत्तीस हजार किलोमीटर दूर असतो. इन्सॅट-३डी या हवामान उपग्रहाचा बारीकात बारीक ठिपका एक किलोमीटरचा आहे. त्याला ढग दिसतात, वावर दिसत नाही. आणि ज्याला वावर दिसतं, तो सेकंदाला सात-साडेसात किलोमीटर वेगानं निघून जातो. पिकांची चित्रं घेणारे आपला रिसोर्ससॅट आणि युरोपचा सेंटिनेल-२ हे सकाळी साडेदहाच्या सुमारास येतात. सेंटिनेलची जोडी साधारण पाच दिवसांनी पुन्हा येते. वेळ ठरलेली असली, की ती चुकवताही येते. २०२४ मध्ये पंजाबातल्या पराळीच्या आगी आकड्यांत कमी दिसल्या. आगी मोजणारा दुपारचा उपग्रह गेल्यावर त्या लावल्या जात असल्याचं एका कोरियन भूस्थिर उपग्रहाच्या चित्रांवरून नासाच्या शास्त्रज्ञानं दाखवून दिलं.

मग ‘वरून काही दिसत नाही, सगळा अंदाजपंचे कारभार’ असं म्हणणाऱ्यांचं बरोबर का? मुळीच नाही. डिसेंबर १९९५ मध्ये पोखरणच्या अणुचाचणीची तयारी अमेरिकी उपग्रहांनीच पकडली आणि त्यांच्या राजदूतानं ती चित्रं दिल्लीत दाखवली. चाचणी थांबली. मे १९९८ मध्ये आपली माणसं शहाणी झाली होती. कामं रात्री, शास्त्रज्ञ लष्करी गणवेशात, यंत्रं पहाटे पुन्हा मूळ जागी. पोखरणच्या वाळवंटात दोन्ही गोष्टी सिद्ध झाल्या: बदल झाला तर वरून दिसतो, आणि बदल दिसू दिला नाही तर नाही.

बोदवड तालुक्यात हा वाद हेरगिरीचा नाही, पीकविम्याचा आहे. जळगाव जिल्ह्यात केळीच्या विम्यात लागवड खरी की कागदावरची, याची पडताळणी उपग्रहाच्या चित्रांवरून करण्यावरून बरीच धूळ उडाली. पंतप्रधान पीक विमा योजनेत भात आणि गव्हाच्या उत्पादनाच्या हिशेबात २०२३ पासून दूरसंवेदनाच्या अंदाजाला किमान तीस टक्के वजन आहे. सोयाबीन त्यात २०२४ मध्ये आलं.

सेंटिनेलचा ठिपका दहा बाय दहा मीटरचा, म्हणजे जवळजवळ बरोब्बर एक गुंठा. एकराला चाळीस ठिपके. सलग कपाशी, सलग मका, सलग केळी असेल तर हे भरपूर झालं. पेरा किती, कुठे, कधी हिरवा झाला, कधी निघाला, हे तलाठ्याच्या नोंदीपेक्षा चांगलं कळतं. बोगस विमा पकडायला याहून स्वस्त साधन नाही, आणि प्रामाणिक शेतकऱ्यानं त्याला घाबरायचं कारण नाही. पण रिसोर्ससॅटच्या लिस-३ कॅमेऱ्याचा ठिपका साडेतेवीस मीटरचा, म्हणजे साडेपाच गुंठ्यांचा. त्यात बांधावरचा निंब, शेजाऱ्याचं पडीक आणि तुरीच्या ओळी एकत्र कालवल्या जातात. दहा-पंधरा गुंठ्यांच्या तुकड्यावर त्या चित्रावरून निकाल देणं हा अन्याय आहे.

आता कपाशीचं एक झाड जवळून बघा. पाती हिरवी, फांदी भरलेली, बोंडं मोठी. फूल मात्र उमलत नाही, पाकळ्या गुंडाळून बसतं. शेतकरी त्याला डोमकळी म्हणतो. बोंड फोडलं, की आत गुलाबी अळी आणि कुजका, पिवळा कापूस. २०१७ च्या खरिपात याच अळीनं राज्यातल्या कपाशीची वाट लावली. वरच्या कॅमेऱ्याला मात्र लाल आणि अवरक्त किरणांच्या हिशेबात हे शेत हिरवंगार, म्हणून चांगलंच दिसणार. जुलै-ऑगस्टच्या ढगांत तर तेही नाही. ढगांपलीकडे रडार पाहतं. १४ फेब्रुवारी २०२२ ला सोडलेला ईओएस-०४ त्यातलाच. पण रडारला पिकाची ठेवण आणि ओल कळते, बोंडातली अळी नाही. केळीचं तसंच. मोझॅक रोगामुळे बाग उपटून फेकल्यावर आलेल्या चित्रात रिकामी जमीन असते. तिथं बाग नव्हतीच, असं त्यावरून कोणी म्हणू नये.

जाता जाता आणखी एक थाप. ‘सॅटेलाइटनं पाणी बघून देतो’ म्हणत बोअरवेलचा पॉइंट काढून देणारे या दुष्काळी पट्ट्यात फिरतात. उपग्रह जमिनीखालचं पाणी बघत नाही. खडकातल्या भेगांच्या लांब रेषा त्याच्या चित्रात दिसतात आणि त्यावरून भूजलाचे शक्यता-नकाशे होतात. तुमच्या गटातल्या बोअरला किती फुटांवर पाणी लागेल, हे त्यात नसतं. पैसे देण्याआधी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या कार्यालयात जाऊन विचारावं.

तेव्हा पीकविम्यात पेऱ्यासाठी उपग्रह मानावा, नुकसानीसाठी एकट्याला मानू नये. दावा नाकारणाऱ्या पत्रात चित्र कोणत्या उपग्रहाचं, कोणत्या तारखेचं, ठिपका किती मीटरचा आणि गट क्रमांक कोणता, हे छापलेलं असलं पाहिजे. आणि शेतात जाऊन केलेला पंचनामा त्यावर वरचढ ठरला पाहिजे. शेतकऱ्यानंही २०२१ पासून राज्यभर सुरू असलेली ई-पीक पाहणी वेळेत करावी, आणि बाग उपटण्याआधी तारीख व ठिकाण नोंदणारे फोटो काढून ठेवावेत.