शिखर कोणतं, दरी कोणती?

दहावीपर्यंत उर्दूतून शिकलेली आपली मुलं-मुली अकरावी सायन्सला गेली की पुस्तक एकदम इंग्रजी होतं. ‘तवानाई’ची ‘एनर्जी’ होते, ‘कीमियाई तआमुल’ची ‘रिॲक्शन’ होते. त्यात ऊर्जेच्या चढउताराची आकृती समोर आली की काहीजण, विशेषतः मुली, म्हणतात, “सायन्स आपलं काम नव्हे.” खरं तर अडलेलं असतं शब्दांवर. आकृतीला भाषा नसते, तिच्यात फक्त चढ आणि उतार असतात.

उचगावहून रत्नागिरीला जाणारा रस्ता आठवा. मलकापूर, मग आंबा घाट, मग साखरपा. समुद्र आपल्यापेक्षा खालीच आहे, तरी सह्याद्रीचा माथा ओलांडल्याशिवाय तिथं पोचता येत नाही. अभिक्रियेचंही तसंच. शेवटचा पदार्थ कमी ऊर्जेचा असला तरी आधी चढ चढावा लागतो. या चढाला सक्रियण ऊर्जा म्हणतात. १८८९ मध्ये स्वीडनच्या आऱ्हेनियस यांनी अभिक्रियेच्या वेगाचा तिच्याशी असलेला संबंध मांडला.

आता मेडिकलमध्ये मिळणारं हायड्रोजन पेरॉक्साइड घ्या. त्याचं पाणी आणि ऑक्सिजन होतं, पण बाटलीत अगदी हळूहळू, कारण चढ सुमारे ७५ किलोज्यूल प्रति मोल आहे. त्यात आयोडाइड घातलं की वाटच बदलते आणि चढ सुमारे ५७ वर येतो. या वाटेवर दोन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीत पेरॉक्साइड आणि आयोडाइड मिळून पाणी आणि हायपोआयोडाइट तयार होतं. दुसरीत हायपोआयोडाइट आणखी एका पेरॉक्साइडशी भिडतं. पाणी आणि ऑक्सिजन सुटतात, आयोडाइड परत मिळतं.

या दोन पायऱ्यांच्या आकृतीत दोन शिखरं आणि मध्ये एक दरी दिसते. ती वाचताना चार गोष्टी पाहा.

एक, जितकी शिखरं तितक्या पायऱ्या.

दोन, दरीत असतो मध्यस्थ पदार्थ, इथं हायपोआयोडाइट. तो खरोखर तयार होतो आणि पुढं खर्चही होतो. शिखरावर असते संक्रमण अवस्था. तिथं कुणी थांबत नाही, तिला बाटलीत भरता येत नाही.

तीन, संथ पायरी. मधली दरी सुरुवातीच्या पातळीपेक्षा वर असेल, तर सर्वांत उंच शिखराची पायरी संथ. आयोडाइडच्या वाटेवर ती पहिली आहे. पूर्ण अभिक्रियेचा वेग तीच ठरवते. पण दरी सुरुवातीपेक्षाही खोल गेली असेल, तर पुढचा चढ त्या दरीच्या तळापासून मोजायचा. तेव्हा दिसायला बुटकं शिखरसुद्धा जास्त अवघड ठरू शकतं.

चार, किती उष्णता सुटली हे शिखरावरून कळत नाही. सुरुवात आणि शेवट यांच्या पातळीतला फरक पाहायचा. पेरॉक्साइडच्या बाबतीत तो मोलमागे सुमारे ९८ किलोज्यूल आहे. उत्प्रेरक घाट सोपा करतो, रत्नागिरीला खाली-वर करत नाही.

कच्च्या बटाट्याच्या फोडीवर पेरॉक्साइडचे थेंब टाका. लगेच फेस येईल. बटाट्यातलं कॅटलेज हे विकर चढ आणखी कमी करतं. मोठ्यांनी सोबत राहावं, डोळे जपावेत.

अम्मी-अब्बांना एक विनंती. रसायनशास्त्र येत नसलं तरी मुलीला आकृती समोर धरून विचारा, “बेटा, यातला सर्वांत अवघड चढ कोणता? का?” ती उर्दूत सांगू दे, मराठीत सांगू दे. एकदा समजलं की इंग्रजी शब्द आठवड्याभरात पाठ होतात. पण न समजताच “सायन्स सोड” म्हटलं, तर तो रस्ता तिच्यासाठी बहुधा कायमचा बंद होतो.