इंटरनॅशनलची पाटी आणि दहावीनंतरची वाट

शाळेच्या नावात ‘इंटरनॅशनल’ असले म्हणून ती शाळा आंतरराष्ट्रीय ठरत नाही. पुणे, ठाणे, नाशिक यांच्या उपनगरांत हे नाव मिरवणाऱ्या कितीतरी शाळांत सीबीएसईचा किंवा राज्य मंडळाचाच अभ्यासक्रम शिकवला जातो. त्यात वावगे काही नाही. वावगे आहे ते पालकांनी त्या एका शब्दासाठी जादा पैसे मोजणे. खऱ्या अर्थाने आंतरराष्ट्रीय म्हणावी अशी माध्यमिक शाळा भारतात बहुधा दोनांपैकी एका संस्थेशी जोडलेली असते. पहिली 1968 साली जिनिव्हात स्थापन झालेली आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट), आणि दुसरी केंब्रिज विद्यापीठाची परीक्षासंस्था. केंब्रिजची दहावीच्या पातळीची परीक्षा म्हणजे आयजीसीएसई, आणि त्यापुढची एएस व ए लेव्हल. दोन्ही संस्थांच्या संकेतस्थळांवर शाळांचा शोध घेता येतो. आयबीच्या बाबतीत एक खुबी ध्यानात ठेवावी लागते. ‘कँडिडेट’ शाळा म्हणजे मंजुरीच्या वाटेवर असलेली शाळा. मंजुरी मिळालेली नव्हे. शिवाय प्राथमिक, मधला आणि डिप्लोमा या टप्प्यांची मंजुरी वेगवेगळी असते. पाचवीपर्यंतची मंजुरी दाखवून बारावीचे स्वप्न विकणे त्यामुळे अवघड नसते.

या शाळांवरचा सर्वांत जुना आक्षेप असा, की त्यांचे प्रमाणपत्र भारतात चालत नाही. हा आक्षेप चुकीचा आहे. भारतीय विद्यापीठ संघ, म्हणजे एआययू, आयबी डिप्लोमाला बारावीशी समकक्ष मानतो. आयजीसीएसईत किमान पाच विषयांत ‘सी’ किंवा त्याहून वरची श्रेणी असेल तर ती दहावीच्या बरोबरीची धरली जाते. कोडाईकनाल इंटरनॅशनल स्कूलमध्ये आयबी डिप्लोमा 1976 पासून शिकवला जातो. तिथून बाहेर पडलेले विद्यार्थी काही अधांतरी राहिले नाहीत.

पण मान्यता आणि सोय या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि शाळांच्या माहितीपत्रकांत नेमकी इथेच सरमिसळ होते. डिप्लोमात सहा विषय असतात: दोन भाषा, एक समाजशास्त्रीय विषय, एक विज्ञान, गणित, आणि कला किंवा तिच्या जागी आधीच्या गटांतला आणखी एक विषय. या चौकटीत विज्ञानाचे दोन विषय सहज बसतात, तिसरा बसत नाही. नीटला मात्र भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र तिन्ही लागतात. त्यासाठी आयबीकडून विशेष परवानगी घेऊन विषयांची वेगळी जुळणी करावी लागते, आणि ती करून देणारी शाळा आधीच शोधावी लागते. अकरावीचे सहा महिने उलटल्यावर हे कळले तर हात चोळत बसावे लागते. जेईईचे दुखणे वेगळे. तिथे विषय जुळतात, पण प्रश्नांचा साचा एनसीईआरटीच्या पुस्तकांच्या जवळचा असतो, आणि डिप्लोमाचा विद्यार्थी त्या दोन वर्षांत प्रयोगवह्या व दीर्घ निबंध यांत गुंतलेला असतो. दिवसा आयबी आणि संध्याकाळी कोचिंग अशी दुहेरी शाळा मग सुरू होते. त्यात मे सत्राचा निकाल जुलैच्या सुरुवातीला लागतो, आणि तोवर देशातल्या अनेक प्रवेशप्रक्रिया पुढे सरकलेल्या असतात. भारतात डॉक्टर किंवा आयआयटीयन व्हायचे हे मुलाने पक्के ठरवले असेल, तर त्याच्यासाठी हा मार्ग लांबचा आहे, हे शाळेने नाही सांगितले तरी पालकांनी धरून चालावे.

दुसरी समजूत याच्या उलट आहे: परदेशी विद्यापीठात जायचे तर आयबीशिवाय तरणोपाय नाही. हीही खोटी. ब्रिटनमधली विद्यापीठे सीबीएसई आणि आयएससीच्या गुणांवर प्रवेश देतात, राज्य मंडळांच्या गुणांवरही देतात. फक्त राज्य मंडळांसाठी टक्केवारीची अट अनेकदा चढी असते. अमेरिकी विद्यापीठे तर कोणत्याही मंडळाचा विद्यार्थी घेतात. उलट आयबीतही चुकीची निवड दार बंद करू शकते. तिथे गणिताचे दोन अभ्यासक्रम आहेत, विश्लेषणावर भर देणारा आणि उपयोजनावर भर देणारा. सोपा वाटतो म्हणून दुसरा, तोही खालच्या पातळीवर घेतला, तर बाहेरच्या कित्येक अभियांत्रिकी महाविद्यालयांत अर्जच टिकत नाही.

‘आमच्याकडे परीक्षेचा ताण नाही’ हे वाक्य तर कानाआड करावे. सहा विषयांना प्रत्येकी सात, आणि ‘ज्ञानमीमांसा’ हा घटक व दीर्घ निबंध मिळून तीन, असा एकूण 45 गुणांचा हिशेब असतो. डिप्लोमासाठी त्यातले किमान 24 हवेत. ताण इथेही आहे. तो मार्च महिन्यात एकवटण्याऐवजी दोन वर्षांवर पसरलेला असतो, इतकेच.

मग या शिक्षणाचे मोल काय? ते आहे, आणि थोडेथोडके नाही. स्वतः निवडलेल्या प्रश्नावर संदर्भ शोधून चार हजार शब्दांचा निबंध लिहिणे, प्रयोगाची आखणी स्वतः करणे, दुसऱ्याचे मत खोडताना पुरावा देणे, यांची सवय सतराव्या वर्षी लागलेला विद्यार्थी पुढे कुठेही उजवा ठरतो. मानव्यविद्या, अर्थशास्त्र, संशोधन यांकडे ओढा असलेल्या मुलांना ही रीत मानवते. वाचनाची आवड नसलेल्या मुलाला मात्र ती जाच वाटू शकते.

आणि हे मोल फीवर अवलंबून नसते. मुंबई महापालिकेने माटुंग्यात केंब्रिजची आणि विलेपार्ल्यात आयबीची शाळा काढली. पौडजवळच्या महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेजात 1997 पासून अनेक विद्यार्थी शिष्यवृत्तीवर डिप्लोमा शिकतात. वाबळेवाडीसारख्या जिल्हा परिषद शाळांना घेऊन राज्याने स्वतःचे आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ उभारले होते. सरकार बदलले आणि ते गुंडाळले गेले, पण हे शिक्षण फक्त श्रीमंतांसाठी आहे हा समज त्याआधीच खोडला गेला होता. मुलाचे मराठी सुटेल या भीतीलाही एक उत्तर आहे: 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. ती कितपत मनापासून शिकवली जाते, ते मराठीचा तास पाहूनच कळेल.

‘सुरुवातीपासून इथेच हवे’ हा शाळांचा शेवटचा युक्तिवाद. त्यालाही आधार नाही. राज्य मंडळाची दहावी झालेला विद्यार्थी डिप्लोमाला जाऊ शकतो, आणि आयजीसीएसईचा विद्यार्थी अकरावीला कनिष्ठ महाविद्यालयात येऊ शकतो. अवघड आहे ते डिप्लोमाचे पहिले वर्ष झाल्यावर मागे फिरणे, कारण तो दोन वर्षांचा सलग अभ्यासक्रम आहे. म्हणून खरा निर्णय दोनदाच घ्यायचा असतो, आठवीच्या शेवटी आणि दहावीच्या शेवटी. त्या वेळी टॉपरचा फोटो पाहण्यापेक्षा संपूर्ण तुकडीचे निकाल मागावेत. वरच्या पातळीचे भौतिकशास्त्र कोण शिकवते, ते शिक्षक किती वर्षे टिकले आहेत, मुलाला हव्या त्या विषयांची जुळणी प्रत्यक्ष वर्गात होते का, परीक्षा शुल्क फीत धरले आहे की वेगळे, याची उत्तरे अनामत रक्कम भरण्यापूर्वी लेखी घ्यावीत. आणि जी शाळा ती लेखी देणार नाही, तिथे पैसे भरू नयेत.