तिजोरी शहराची हवी

व्यापाऱ्याने शहराचा कारभार हाती घ्यावा का, हा प्रश्न मुख्याधिकारी, लेखापाल आणि नगरसेवक अशा आपणा सर्वांसमोर नेहमी येतो. त्याचे उत्तर आपण माणसाच्या स्वभावात शोधतो. ते हिशेबाच्या रचनेत शोधायला हवे. दुबईचा इतिहास हेच सांगतो.

१८९४ मध्ये दुबईचे राज्यकर्ते शेख मक्तूम बिन हशेर यांनी परदेशी व्यापाऱ्यांना करमाफी दिली. पुढे इराणच्या किनाऱ्यावर जकातीचा जाच वाढला, तेव्हा लिंगेह बंदरातले व्यापारी दुबईच्या खाडीकाठी येऊन वसले. आखातातले मोती मुंबईच्या बाजारात विकले जात आणि दुबईत भारतीय रुपया चाले. शहर वाढले ते व्यापाऱ्यांच्या उलाढालीवर. सार्वजनिक उत्पन्न आणि राज्यकर्त्याचे खासगी उत्पन्न मात्र वेगळे नव्हते.

जागतिक मंदी आणि जपानचे संवर्धित मोती यांनी मोत्यांचा धंदा बसला, तेव्हा उत्पन्नाचा हा प्रश्न पेटला. ऑक्टोबर १९३८ मध्ये तेव्हाचे राज्यकर्ते शेख सईद बिन मक्तूम यांना १५ जणांची मजलिस, म्हणजे सभा, मान्य करावी लागली. राजघराण्यातले नाराज नातलग आणि मोठे व्यापारी यांनी ती घडवून आणली होती. तिने जकात खात्याला शिस्त लावली, शाळा उघडल्या, नगरपालिका मंडळ नेमले आणि खाडी खोल करण्याचा विचार मांडला. उत्पन्नाचा आठवा हिस्सा राज्यकर्त्याला, बाकी सारे लोकांच्या कामांना, ही तिची मुख्य मागणी. मार्च १९३९ मध्ये शस्त्रबळाने मजलिस मोडली गेली. तिची कामे मात्र टळली नाहीत. १९५४ मध्ये दुबई नगरपालिका उभी राहिली, नंतर कुवेतचे कर्ज आणि व्यापाऱ्यांनी घेतलेले रोखे यांतून खाडीतला गाळही उपसला गेला.

या मजलिसची उणीवही ध्यानात घेऊ. ज्यांच्या कष्टावर मोत्यांचा व्यापार चाले, त्या कर्जात बुडालेल्या पाणबुड्यांना तिथे जागा नव्हती. आपली मुंबई याहून वेगळी नव्हती. एकोणिसाव्या शतकातले व्यापारी नाना शंकरशेट यांच्या पेढीवर अरब व्यापारी विश्वासाने धन ठेवत, आणि नानांनी शाळा व रेल्वेसाठी झटून तो विश्वास शहरालाही दिला. तरी १८७२ च्या नगरपालिका कायद्याने मुंबईत मताचा हक्क दिला तो करदात्यांनाच. झाडूवाल्याला आणि हमालाला तो मिळायला फार काळ गेला.

व्यापाऱ्याजवळ हिशेबाची सवय असते, जोखीम ओळखण्याची नजर असते. शहराला दोन्ही हवे. त्याचा धंदा आणि शहराची तिजोरी यांच्यात भिंत मात्र पक्की हवी. परिषदेच्या कंत्राटात हितसंबंध असलेला सदस्य अपात्र ठरतो, असे १९६५ चा महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम सांगतो. हे कलम वापरण्याचे धैर्य आपण दाखवायला हवे. येत्या अर्थसंकल्पात प्रत्येक मोठ्या कामापुढे दोन प्रश्न लेखी विचारा: याचा लाभ कोणाला, आणि ज्यांच्या वस्तीत हे काम होणार त्यांचे म्हणणे कोणी ऐकले?