मोजण्याचे शब्द

पुण्यास रानडे इन्स्टिट्यूटमध्यें जपानी शिकणारा आमचा पुतण्या गेल्या उन्हाळ्यांत धाराशिव जिल्ह्यांतील आमच्या कळंबच्या घरीं आला, तो एक गाऱ्हाणें घेऊनच. त्या भाषेंत एकदां अंक पाठ करून भागत नाहीं. वस्तूगणिक मोजणी पालटते. पेन्सिल, छत्री, केळें अशा लांबट वस्तू असल्या तर ‘इप्पोन, निहोन, सान्बोन’. कागद, सदरा, पोळी अशा पातळ वस्तूंस ‘इचिमाइ, निमाइ’. एक मांजर म्हणजे ‘इप्पिकी’. माणसें मोजावयाचीं तर ‘हितोरी, फुतारी’ म्हणावें आणि तिसऱ्यापासून ‘सान्निन्’ असा निराळाच मार्ग धरावा! “एवढा खटाटोप कशासाठीं?” असें त्याचें म्हणणें.

मातोश्री तांदूळ निवडीत होत्या. त्यांनीं सहज विचारलें, “बाळ, आतां जेवायला कितीजण बसतां?”

“आम्ही तिघे, आजी.”

“मग ‘तीन’ कां नाहीं म्हणालास?”

पुतण्या हसूं लागला, आणि आम्हीही विचारांत पडलों. एकटा, दोघे, तिघे, चौघे येथपर्यंत आपली वाट निराळी. पुढें ‘पांच जण’. जपानी माणूस तिसऱ्यापाशीं वळतो, आपण पांचव्यापाशीं. शिवाय बायका असल्या तर ‘दोघी, तिघी’ हा भेद आपलाच. जपानींत तो नाहीं. आईच्या मांडीवर शिकलेलें अवघड वाटत नाहीं, इतकेंच.

सायंकाळीं आम्ही त्याला घेऊन शेताकडे गेलों. वाटेवर शेजाऱ्यांची कडब्याची गंजी लागली. “दहा पाचुंदे काढून ठेवले आहेत,” असें ते म्हणाले. पुतण्यानें हळूच विचारलें, “काका, पाचुंदा म्हणजे काय?” पांच पेंढ्यांचा एक पाचुंदा, हें आम्हीं त्यास सांगितलें. बांधलेल्या जुडीस जपानींत ‘हितोताबा’ म्हणतात हें त्याला ठाऊक होतें. ज्वारीच्या मुलखांत जन्मून पाचुंदा मात्र ठाऊक नव्हता.

दोष त्याचा नव्हे. आमच्या गोठ्यांतील बैल गेले, कडबा गेला, आणि त्यांच्यामागून शब्दही निघून चालला, तरी आम्हीं तो मुलांच्या कानांवर घातला नाहीं. वाचकहो, परभाषा मुलांनीं अवश्य शिकावी. पण घरांतील वडीलधारीं माणसें जुडी, पेंढी, पाचुंदा कसे मोजीत, हेंही त्यांस सांगावें. त्या रात्रीं पुतण्याच्या वहींत ‘हितोताबा’च्या शेजारीं ‘पाचुंदा’ लिहिलेला आम्हीं पाहिला.