रजा सुनेलाही हवी



पर्युषण आले की पुण्या-मुंबईची मुले रजा टाकून वडनेरला येतात. नांदुऱ्याला गाडीतून उतरून भर पावसात घर गाठतात. आठ दिवस घर भरलेले असते, जुन्या मैत्रिणीही येऊन बसतात. यासारखे सुख नाही.

पण मी बी.कॉम. झालेली, हिशेब मांडल्याशिवाय राहवत नाही. संवत्सरीचा उपवास सोडला तर ७ दिवस, १० माणसे, दिवसाला ३ वेळा: २१० ताटे. शिवाय पाणी उकळून गार करणे, न वाळणारे कपडे. सगळ्यांना रजा आणि सुनेला जादा काम!

धर्माने हे सांगितलेले नाही. पावसात जीवजंतू वाढतात, ते पायाखाली येऊ नयेत म्हणून साधू-साध्वी ४ महिने एका गावी थांबतात. थांबणे हाच चातुर्मासाचा अर्थ. चौविहार पाळला की सूर्यास्ताला चूल बंद. हिरवी भाजी निवडायची-चिरायची नाही. मुगाची डाळ, कढी, गट्टे, पापड यांवर छान जेवण होते. तरी भाजी नाही म्हणून आपण चार प्रकारचे फरसाण तळत बसतो.

माझे मत स्पष्ट आहे. ताट साधे ठेवा. ताटे मुलांनी उचलावीत, जावयांनीही. प्रतिक्रमणाला सून आपल्या शेजारी बसलेली असावी, ओट्यापाशी उभी नव्हे. संवत्सरीला तिला ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणण्याआधी एवढे तरी करू या.