पाय थकतात, ते केवळ वयामुळे नव्हे

नीरा नदीवरचा पूल ओलांडला की शिरवळ लागते आणि सातारा जिल्हा सुरू होतो. महामार्गालगतच्या कारखान्यांत घरातील तरुण पाळीवर जातात. आजी-आजोबा घरी राहतात. ‘आम्ही येईपर्यंत बसून राहा, उगाच पडाल,’ असे त्यांना बजावले जाते. त्यामागची माया खरी असते. पण हे बसून राहणेच पायांचे बळ घालवते.

वाढत्या वयात स्नायू झिजतात. या झिजेला १९८९ मध्ये आयर्विन रोझेनबर्ग यांनी ‘सार्कोपेनिया’ हे नाव दिले. न वापरलेला स्नायू अधिक वेगाने झिजतो. मात्र गेलेली ताकद काही प्रमाणात परत मिळते. १९९० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नव्वदीच्या आसपासच्या नऊ वृद्धांनी आठ आठवडे देखरेखीखाली वजनांचा व्यायाम केला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

घरच्या घरी एक चाचणी करता येते. हात छातीशी बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठा-बसायचे. जवळ कोणीतरी उभे असावे. बारा सेकंद किंवा अधिक लागले, तर डॉक्टरांना दाखवावे. ब-१२ किंवा ड जीवनसत्त्वाची कमतरता, मधुमेह, थायरॉईड, गुडघ्यांची झीज, मणक्यात दबलेली नस, एखादे औषध, यांपैकी कशानेही पाय लटपटू शकतात. एका बाजूचे बळ अचानक गेले किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर मात्र तडक रुग्णालय गाठावे.

एरवी उपाय साधे आहेत : खुर्चीवरून सावकाश उठणे-बसणे, ओट्याला धरून टाचा उचलणे, रोज चालणे. नुसते चालणे पुरत नाही. ताकदीचा व्यायाम आठवड्यातून किमान दोनदा हवा. ताटात भाकरीबरोबर घट्ट वरण, उसळ, दही किंवा अंडे असावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांनाच विचारावे.

आरोग्य केंद्रात ज्येष्ठांचा रक्तदाब आणि साखर तपासली जाते. तिथेच त्यांना एकदा खुर्चीवरून उठवून पाहायला काय हरकत आहे? त्याला यंत्र लागत नाही, खर्चही नाही. खुब्याचे हाड मोडल्यावर धावपळ करण्यापेक्षा ही मिनिटभराची तपासणी केव्हाही स्वस्त.